आधी मागीलदार

निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला जमिनीवर चढलं, 3 जून 2020 ला दुपारी. आमचं घर तिथून खाली, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. माई म्हणजे माझ्या सासूबाई, भाऊजी म्हणजे थोरले दीर, वहिनी आणि त्यांची दोन्ही मुलं तीन तास न्हाणीत बसून होती, कारण घरात स्लॅब असलेली तेवढीच एक जागा, वरती टाकी ठेवायला म्हणून बांधलेली. आम्ही ठाण्यात फोन लावत होतो. पाचव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवरून भाऊजींचा आवाज आला, "माणसं आहेत. घर गेलं."

अगदीच गेलं नव्हतं, भिंती उभ्या होत्या. वारा ओटीवरून आत शिरला आणि त्याने पडवीचं छप्पर खालून उचललं. पडवीचे वासे म्हणजे माजघराचेच वासे, आढ्यापासून निघून थेट वळचणीपर्यंत आलेले. एक गेलं ते दुसऱ्याला घेऊन गेलं. हे शहाणपण आम्हाला तेव्हा नव्हतं. पुढे मेस्त्रींनी पडक्या भिंतीकडे बोट दाखवून समजावलं तेव्हा डोक्यात शिरलं. मधली वर्षं सिमेंटच्या पत्र्यांवर आणि निळ्या ताडपत्रीवर निघाली. पत्र्याखालचा मे महिना कसा असतो ते सांगत बसत नाही.

2022 च्या गणपतीत ठरलं, डागडुजी पुरे, नवीन बांधायचं. बारा महिने राहणारी माणसं पाच, आणि मे महिन्यात व गणपतीत उगवणारे आम्ही तिघं. तरी नकाशाचं काम आलं माझ्याकडे, कारण धाकट्या सुनेला कागद-पेन्सिलीची हौस आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्या मोबाइलमध्ये स्वयंपाकघरांचे दोनेकशे फोटो साठलेले होते. पांढरीशुभ्र कपाटं, वरून सोडलेले दिवे, ओट्यावर एक लिंबू आणि एक तुळशीचं रोप. एकाही फोटोत खरकटं भांडं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, ती कथा सगळ्या कोकणात एकच आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत, दोन बडोद्याला. वारसनोंदी, संमतीपत्रं, सह्या. एका कार्यालयात आमची फाइल चार महिने सापडत नव्हती, मग एके दिवशी ज्या टेबलावर ठेवली होती तिथेच सापडली. त्यात घर भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या, नियमांनी या पट्ट्यात नवं बांधकाम होत नाही. मात्र जुनं अधिकृत घर असेल तर तेवढ्याच जोत्याच्या क्षेत्रफळात, चटईक्षेत्र न वाढवता पुन्हा उभं करता येतं. घर होतं याचा आमच्याकडचा पुरावा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा, आणि त्यातल्या मोजमापात मागची पडवीसुद्धा लिहिलेली निघाली. घरपट्टी वाढेल म्हणून ती लिहू नका असं सासऱ्यांनी त्या काळच्या ग्रामसेवकांना परोपरीने विनवलं होतं म्हणे, आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. ते गृहस्थ कुठे असतील तिथे सुखी असोत. आमचं आजचं अर्धं स्वयंपाकघर त्या नोंदीवर उभं आहे.

आर्किटेक्ट चिपळूणचा, तरुण, हुशार मुलगा. पहिला नकाशा घेऊन आला तो बघून मी हरखलेच. पश्चिमेला समुद्राच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकत्र, मधोमध आयलंड. माईंनी चष्मा लावून कागद फिरवून फिरवून बघितला.

"हे मधेच काय काढलंय?"

"आयलंड आहे आजी. म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा."

माझ्या नवऱ्याला राहवलं नाही. "बेट गो माई, बेट."

"मग होडी कुठे लावायची?" माई म्हणाल्या, आणि कागद खाली ठेवून त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. मासे कुठे साफ करायचे? नारळ कुठे सोलायचे? पावसाची लाकडं कुठे रचायची? गणपतीत पन्नास माणसांचा भात कुठल्या चुलीवर? आमसुलं वाळत घातली आणि सर आली तर उचलून कुठे न्यायची? आणि सगळ्यात शेवटी, "मागीलदार दिसत नाही ते?"

दार होतं. न्हाणीशेजारी अडीच फुटांचं, युटिलिटी असं लिहिलेलं.

त्या नाताळच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. मागच्या पायरीवर वही घेऊन बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रेघा ओढल्या. सकाळी साडेसहा ते अकरा, मागच्या दारातून 47 फेऱ्या. पुढच्या दारातून 6, त्यातल्या दोन माझ्याच. विहीर मागे, पाणी तापवायची चूल मागे, भांडी घासायची मोरी मागे, कढीलिंब, केळीचं पान, कोंबड्या मागे. हर्ण्याहून येणारी मासेवाली पुढच्या दाराला कधी आलेली नाही. ती मागे पाटी उतरवते, वहिनी तिथेच उकिडवी बसून बांगड्याचे कल्ले उघडून बघते, भाव होतो, चहा होतो. शेजारच्या काकूसुद्धा आगरातून, म्हणजे माडांच्या बागेतून, मागूनच येतात. पुढच्या ओटीवर येतात ते पोस्टमन, निवडणुकीतले उमेदवार आणि आम्ही.

ती वही मी आर्किटेक्टला दाखवली. त्याला आधी जरा लागलं, ते साहजिक होतं, काचेच्या भिंतीवर त्याचा जीव होता. मग तो मागच्या पायरीवर येऊन बसला, थोडा वेळ नुसता बसला, आणि म्हणाला, "म्हणजे घराचा दर्शनी भाग हा आहे." त्याने नवा कागद घेतला आणि मागच्या पडवीपासून काढायला सुरुवात केली. वारा आणि पाऊस नैऋत्येकडून येतो, समुद्र पश्चिमेला, म्हणजे पूर्वेकडची मागची बाजू पावसाळाभर घराच्या आडोशाला राहते. शिवाय सकाळचं ऊन तिथे पहिलं येतं. जुन्या माणसांनी चूल तिथे का ठेवली याला निराळं शास्त्र लागत नाही. स्वयंपाकघर आग्नेय कोपऱ्यात आपोआपच पडलं, त्यामुळे वास्तुशास्त्रवाले दोन नातेवाईकही गप्प बसले.

आता रांगोळीची गोष्ट. नकाशावर 11 फूट बाय 13 फूट लिहिलेलं असतं, ते कुणाला कळतं? मला नाही कळत. फेब्रुवारीत खळं, म्हणजे अंगण, मोकळं होतं. तिथे मी मेजरिंग टेप लावून रांगोळीने अख्खं स्वयंपाकघर खऱ्या मापात आखलं. भिंती, दारं, खिडक्या, दाराचा पल्ला कुठपर्यंत उघडतो तो अर्धगोलसुद्धा. ओट्याच्या जागी जांभ्याचे जुने चिरे रचून वर मोडक्या कपाटाचं दार आडवं टाकलं, फ्रिजच्या जागी धान्याचं पिंप, सिंकच्या जागी घमेलं. उंची कमी-जास्त करायला दाराखाली पाट आणि फळ्यांचे तुकडे सरकवायचे. मग खरी शेगडी आणून जोडली आणि दोघींना म्हटलं, घावणे करा.

माई चार फूट दहा इंच. वहिनी पाच फूट पाच. पहिला घाणा पडेपर्यंत कळलं की फ्रिजचं दार आणि मागचं दार एकाच वेळी उघडलं तर एकमेकांवर आपटतात. दुसरं कळलं ते असं, की घावण्यांबरोबरच्या रसासाठी माईंनी नारळ मागितला आणि आडोळी, म्हणजे विळी, घेऊन सरळ रांगोळीच्या मधोमध जमिनीवर बसल्या. तिथे तर आम्ही ट्रॉल्या उघडायची जागा धरली होती. मॉड्युलरवाल्यांच्या चित्रात जमीन ही फक्त चालायची गोष्ट असते. आमच्याकडे नारळ खवणं, भाजी चिरणं, तांदूळ निवडणं, गऱ्यांच्या आठळ्या सोलणं, सगळं बसून चालतं. चार फूट बाय चार फूट जागा, उजेडाची, पायात न येणारी, तिथेच पाठ टेकायला भिंत, ही आम्ही त्या दिवशी आखली. नकाशावर आर्किटेक्टने तिला नाव दिलं, 'माईंची जागा'.

आणि मग उंची. माईंसाठी फळ्या काढत काढत एकतीस इंचांवर आलो. कणीक तिंबताना त्यांचे खांदे वर उचलले जात नव्हते, बरोबर वाटलं. वहिनी शेजारी उभी होती. मी म्हटलं, "आता तू." ती म्हणाली, "मला काय, चालतंय हेच." मी तिचं न ऐकता फळ्या चढवत गेले. तेहेतीस, चौतीस, पस्तीस. पस्तीसला तिने दोन्ही तळवे दारावर टेकवले, दोन-तीनदा नुसतीच कणीक मळल्यासारखी दाबून बघितली, आणि पाठ सरळ करून उभी राहिली. काही बोलली नाही. जुना ओटा एकोणतीस इंचांचा होता, माईंच्या मापाने सासऱ्यांनी घातलेला. त्यावर ती बावीस वर्षं वाकून रांधत होती आणि आम्ही सगळे तिच्या कंबरदुखीला तेल सुचवत होतो.

"बोलली का नाहीस गो इतकी वर्षं?" माई म्हणाल्या.

"ओटा तुमचा होता," वहिनी म्हणाली आणि घावणा उलटला.

शेवटी दोन उंच्या केल्या. शेगडीचा ओटा एकतीसचा, कारण शेगडीच चारेक इंच उंच असते आणि तिच्यावर पातेलं, म्हणजे उंच बाईलाही तो फार खाली पडत नाही, आणि माईंना पातेल्यात डोकावता येतं. चिरायचा-मळायचा ओटा पस्तीसचा, वहिनीचा. कोपऱ्याशी पायरी पडते. बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी निम्मे लोक विचारतात, मेस्त्रींचं लेव्हल चुकलं काय.

बांधकामाचं बोलायचं तर भिंती चिऱ्याच्याच. खाणीतून काढलेला जांभा ओला असतो तेव्हा मऊ असतो, हवा खाऊन कठीण होत जातो. म्हणून मे 2023 मध्येच आणून रचून ठेवला, एक पावसाळा खाऊ दिला, आणि दसऱ्यानंतर काम धरलं. नग साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच, उचलताना तीसेक किलो भरतो. मेस्त्री प्रत्येक चिऱ्यावर हातोडीची टिचकी मारायचे. खणकला तर भिंतीत, बद्द वाजला तर बाजूला. बद्द वाजलेल्यांचा आगराला कुंपणाचा गडगा झाला.

खरी भांडणं झाली ती वाळूवरून. पहिली गाडी आली ती खाडीची. ट्रकवाला म्हणे धुतलेली आहे. मेस्त्रींनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकले, आणि माझ्यासमोर ओंजळ धरली. "वैनी, तुमीच बघा, मीठ घालायला नको आमटीत." मी खरंच चाखली. गाडी परत गेली, तीन दिवस काम बंद, भाऊजी नाराज, आणि मग सगळं काँक्रीट क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, केलं. वाळूतलं मीठ आतल्या लोखंडाला खातं आणि गिलाव्याला लोणा धरतो तो वेगळाच. आमच्याकडे तर हवेतच मीठ, वाळूतून आणखी कशाला विकत घ्यायचं?

तेच सळईच्या कव्हरचं. सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यात अंतर किती, ते कव्हर. सळयांखाली दगडाच्या कपच्या सरकवायच्या ही आमच्याकडची रीत, कपची पाऊण इंचाची तर पाऊण, अर्ध्याची तर अर्धा. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 45 मिलिमीटर कव्हर आणि किमान एम 30 प्रतीचं काँक्रीट सांगितलंय. आर्किटेक्टने ते नकाशावर लाल पेनने लिहून दिलं होतं. तरी स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी मी वर चढले तर सगळीकडे कपच्याच. दापोलीहून पिशव्या भरून कव्हर ब्लॉक, म्हणजे ठरावीक जाडीचे ठोकळे, आणले आणि रात्री हॅलोजन लावून मुलांनी ते सळयांखाली बसवले. मेस्त्री हसत होते. पण ते धरायची तार त्यांनीच बांधून दिली.

स्लॅब फक्त स्वयंपाकघर, कोठार आणि न्हाणी यांच्यावर आहे. निसर्गच्या दिवशी माणसं न्हाणीत कोंबून बसली होती, आता निदान चहा करता येईल अशा जागी बसतील. वर टाकी. बाकी घरावर मंगलोरी कौलं. मंगळूरला बासल मिशनने या कौलांचा कारखाना 1865 मध्ये काढला, आमच्या जुन्या छपरातल्या काही कौलांच्या पाठीवर अजून तिकडचे शिक्के होते. सातेकशे शाबूत निघाली, ती सगळी मागच्या पडवीवर चढवली. पडवीचं छप्पर आता मुख्य छपरापासून तोडलेलं आहे, दीड फूट खाली, त्याचे वासे वेगळे, भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने धरलेले. पुन्हा वादळ आलं आणि पडवी गेलीच, तर एकटी जाईल. वळचणीच्या आणि आढ्याच्या दोन-दोन ओळींतली कौलं तारेने रिपांना बांधली.

जुने वासे उतरवताना एक गंमत दिसली. ओटीवरचे सागाचे वासे भुंग्याने पोखरलेले, हाताने दाबले तरी भुगा. स्वयंपाकघरावरचे वासे, तेही त्याच वयाचे, काजळीने काळेकुळकुळीत आणि आतून टणक. शंभरेक वर्षांच्या धुराने त्यांना कुणी हात लावला नव्हता. गॅस आल्यावर चूल काढून टाकायची असं माझ्या मनात पक्कं होतं, धूर, डोळे, खोकला, सगळे मुद्दे तयार होते. ते वासे बघून मी निम्मी माघार घेतली. चूल आतून गेली, पण मागच्या पडवीत आली, बाजूला अर्धी भिंत, वरती दोन छपरांमधली ती दीड फुटाची फट, धूर तिकडून निघून जातो. चुलीवर बांबूचा माळा टांगलाय. त्यावर सुके बोंबील, बियाण्याचे दोडके आणि वेलावरच सुकवलेली काकडी.

चुलीच्या पाठीला लागूनच, भिंतीच्या आतल्या बाजूला, कोठार. पाच फूट बाय सात. हे आर्किटेक्टचं डोकं, श्रेय त्याचं त्याला. रोज सकाळी पाणी तापतं तेव्हा चिऱ्याची भिंत ऊब धरते आणि ती ऊब दुपारपर्यंत कोठारात उतरते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. जुलैत चामड्याच्या चपलेवर, पुस्तकांच्या पाठीवर, देवाच्या पोथीवर बुरशी येते, मीठ बरणीत पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. त्या कोठारात गेल्या पावसाळ्यात पोह्याचे पापड कुडकुडीत राहिले. मी दोनेकशे फोटो जमवले होते, त्यात एकाही स्वयंपाकघराला ऊबदार भिंत नव्हती.

आता माझ्या चुका. शहरातल्या एका मॉड्युलर किचनच्या दुकानात मी कोटेशन घेतलं होतं. पावणेचार लाख, आणि आतला माल भुश्याचा दाबलेला बोर्ड. वॉटरप्रूफ आहे म्हणाले. नमुन्याचा तुकडा मागून आणला आणि विहिरीवरच्या बादलीत टाकून ठेवला. चौथ्या दिवशी तो पावासारखा फुगला होता. तिथे वाचले. ओट्याखाली मग कडप्प्याचे खण केले, आणि दारं सुताराने जुन्या सागाच्या फळ्यांची, पट्ट्यापट्ट्यांची, वारा खेळेल अशी केली. जिथे प्लाय टाळता येत नव्हता तिथे आयएस 710 चा मरीन प्लाय, पाणी सोसणारा.

फसले ते बिजागऱ्यांत. कुणीतरी सांगितलं होतं, लोहचुंबक लावून बघा, चिकटला नाही तर चांगलं स्टेनलेस. मी दुकानात चुंबक घेऊन गेले, मोठ्या ऐटीत. चिकटला नाही. दुकानदार 304 आहे, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस, म्हणाला, मी 304 चे पैसे दिले. पहिल्या पावसातच पितांबरीने घासूनही न जाणारे तांबूस डाग. आर्किटेक्टने मग सांगितलं, 202 नावाचं स्वस्त स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही, ते खाऱ्या हवेत टिकत नाही एवढंच. म्हणजे माझ्या चुंबकाने मला काहीच सांगितलं नव्हतं. हट्टाने बसवलेली एकमेव तारेची ट्रॉलीही त्याच दुकानातली. ती आता उघडत नाही. आत कांदे होते, ते हात घालून काढले.

आणखी एक, 'माईंची जागा' आखली, भिंत दिली, खिडकी दिली, आणि तिथे खाली प्लगचा पॉइंट द्यायला विसरलो. वाटण वाटायला मिक्सर ओट्यावर, माई खाली. वरवंटा पडवीतच आहे म्हणा.

वास्तुशांत फेब्रुवारी 2025 मध्ये झाली. खरी परीक्षा मे महिन्यात. त्या वर्षी पाऊस कुणाला विचारून आला नाही. 25 मेला तो महाराष्ट्रात उतरला आणि 26 ला मुंबईत, मृग लागायला दोन आठवडे बाकी असताना. आम्ही सुट्टीला तिथेच होतो. खळ्यात आमसुलांच्या तीन चटया, फणसपोळीची दोन ताटं, कुळीथ, आणि माडीवर सोडे. आभाळ भरलं तसे सगळे धावले. आठ फूट रुंदीची, बावीस फूट लांबीची मागची पडवी, एवढी कशाला म्हणून भाऊजींनी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, ती पाच मिनिटांत चटयांनी भरली. चूल पेटवली. कोकमाचा आंबट वास, ओल्या मातीचा, धुराचा, आणि त्यात वहिनी गॅसवर भजी तळत होती, दारातून एकेक ताट बाहेर. वीज दोन दिवस नव्हती. फणसपोळीचं एक ताट मात्र खळ्यातच राहिलं, ते कोंबड्यांनी बघितलं.

पावसाळाभर ओटीला झाप, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे विणलेले आडोसे, लावलेले असतात. त्यासाठी आकडे मेस्त्रींनी आठवणीने भिंतीत ठेवले होते, नकाशात नव्हते. ऑगस्टमध्ये माझी ऑफिसातली मैत्रीण आली, किनाऱ्यावरचं घर म्हणून मोठ्या हौसेने, आणि तिने पहिला प्रश्न विचारला, समुद्र कुठे आहे? झापांच्या पलीकडे, म्हटलं, आवाज येतोय ना. मग तिलाही मागेच नेऊन बसवलं.

तर असं सगळं जमून आलेलं मागचं दार, फणसाच्या लाकडाचं, सुताराने आठ दिवस राबून केलेलं, जुलैपासून लागत नाही. ओल धरून फुगलंय. खालची कड उंबऱ्याला घासते, ओढलं तर किंचाळतं. मी सुताराला फोन केला, रंधा घेऊन या. माईंनी फोन हातातून काढून घेतला. "आता तासलंत तर थंडीत बोटभर फट पडेल. दिवाळीत या." तोपर्यंत रात्री आतून चिरा लावून ठेवतो. कोंबड्या येऊ नयेत म्हणून.